काटा कधी चढतो, ते सांगा!

'गाडी गरम होतेय.' गॅरेजमध्ये जाऊन तुम्ही एवढं एकच वाक्य बोललात, की पुढचं सगळं नशिबावर. डॉक्टरांकडे जाऊन 'बरं वाटत नाहीये' म्हणण्यासारखंच आहे हे. ताप कधी येतो, किती चढतो, थंडी वाजते का, यातलं काहीच सांगायचं नाही आणि गोळी मात्र अचूक हवी! मग मेकॅनिकही अंदाजाने सुरुवात करतो. आधी कूलंट बदल, मग रेडिएटर साफ, मग वॉटर पंप. अंदाज त्याचा आणि बिल आपलं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाला त्याच्या आजोबांची मारुती ८०० मिळाली. फुकट मिळाली म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडून पार्टी उकळली. पुढचे तीन महिने तो बिचारा त्या फुकटच्या गाडीसाठी मेसचे पैसे वाचवत होता. कारण प्रत्येक मोठ्या सिग्नलला टेंपरेचरचा काटा वर. एका गॅरेजने रेडिएटर साफ करून दिला, नंतर वॉटर पंपही बदलला. काटा तरी चढतोच. शेवटी दुसऱ्या एका ठिकाणी त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, की गाडी कधी गरम होते, उभी असताना की पळताना? 'उभी असताना.' मग रेडिएटरच्या पंख्याचा स्विच तपासला गेला. स्विच मेलेला होता, त्यामुळे पंखा सुरूच होत नव्हता. नवा स्विच बसायला अर्धा तास लागला नाही.

एवढा साधा प्रश्न, पण तो आधी कुणी विचारलाच नाही. त्याने स्वतःहून सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही असतं हेच आपल्याला माहीत नसतं. स्क्रू ड्रायव्हर हातात न धरता निदानाचं अर्धं काम तुम्ही ड्रायव्हिंग सीटवर बसूनच करू शकता. त्यासाठी बोनेटखाली काय चालतं, एवढं मात्र कळायला हवं.

उदाहरणासाठी मारुती ८००च घेऊ. एक तर अजूनही कॉलेजच्या पार्किंगमध्ये ती दिसते आणि 'शिकायला' म्हणून घरात ठेवलेली गाडी बहुतेक वेळा तीच असते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हस्ते तिची चावी मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. पुण्या-मुंबईत तर नव्या प्रदूषण नियमांमुळे २०१० मध्येच विक्री बंद झाली होती. म्हणजे तुमच्या हातात आलेली ८०० वयाने तुमच्या बरोबरीची किंवा तुमच्याहून मोठी असण्याचीच शक्यता जास्त. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सगळं हाताला येईल असं. जुनी झेन, अल्टो किंवा सँट्रो असली तरी तत्त्व तेच.

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा गाडी पुढे ढकलायला कामी येतो. उरलेली बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि बाकीची वाहून न्यायचं काम कूलंटचं. फॅन बेल्टवर फिरणारा वॉटर पंप हे कूलंट इंजिनभर खेळवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तापमान साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचलं की तो उघडतो आणि कूलंट रेडिएटरमध्ये शिरतं. तिथे समोरून येणारा वारा त्याला गार करतो. गाडी उभी असेल तर वारा नाही, म्हणून मागे इलेक्ट्रिक पंखा, जो नव्वदीच्या पुढे आपोआप सुरू होतो.

आणि या सगळ्यावर रेडिएटरची कॅप. दिसायला डब्याचं झाकण, पण काम कुकरच्या शिट्टीचं. आत दाब धरून ठेवल्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. कॅपचं रबर फाटलं की ही सगळी सवलत गेली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचावर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे कॅप सैल असलेली गाडी नेमकी तिथे पोचल्यावर उकळायला सर्वांत जास्त तयार असते! शे-दोनशे रुपयांची ही वस्तू आहे आणि जुन्या गाडीत कुणी ती बदललेलीच नसते. माझं ऐकाल तर जुनी गाडी हातात आल्यावर सीट कव्हरच्या आधी कॅप बदला.

आता काट्याकडे.

काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळायला लागली की आपोआप उतरतो, असं असेल तर संशय थेट पंख्यावर. पळताना वारा मिळतो, उभं राहिल्यावर पंख्याने तो द्यायचा असतो आणि पंखा देत नाही. घरी तपासायला सोपं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून पंखा लागतो का ऐका. काटा मध्याच्या वर सरकायला लागला तरी बोनेटमधून पंख्याचा आवाज नाही, तर इंजिन बंद करा. मग फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर मेकॅनिक थर्मोस्विचचा प्लग काढून पंख्याला थेट करंट देऊन बघतो. पंखा फिरला म्हणजे मोटर चांगली, दोष स्विचमध्ये, रिलेत किंवा वायरिंगमध्ये. मोटर बदलायला सांगण्याआधी ही टेस्ट केली का, एवढं विचारायला अजिबात लाजू नका. एक गंमत म्हणजे पंखा फिरतोय पण उलटा, असंही होतं. वायरिंगचं काम करताना दोन वायरींची अदलाबदल झाली की पंखा हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो. ८०० मध्ये पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्यामुळे तो सुरू असताना समोरच्या जाळीजवळ कागद धरला तर कागद जाळीला चिकटायला हवा. उडून गेला तर समजा. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस मात्र पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत तो अचानक सुरू होतो.

बरोबर उलटी तक्रार म्हणजे शहरात ठणठणीत, पण हायवेला ऐंशीच्या वर किंवा घाटात काटा चढतो. इथे पंख्याला दोष देऊ नका, वारा भरपूर मिळतोय. कूलंटच पुरेसं फिरत नाहीये, किंवा फिरतंय पण रेडिएटर त्याला गार करू शकत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या आतून गंजाने आणि क्षाराने बुजलेल्या असतील. बाहेरच्या पात्यांमध्ये चिखल, किडे, सुकलेली पानं अडकली असतील. बेल्ट सैल असेल. (इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबून बघा, साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक. फारच खाली गेला तर तो पंपाला नीट फिरवत नाही.) वॉटर पंपाच्या खालून थेंब पडत असतील किंवा तिथे हिरवट-पांढरी खपली धरली असेल, तर पंपाचं सील गेलंय. आणि एक लपलेला चोर म्हणजे रेडिएटरच्या खालच्या बाजूचा होज पाइप. जुना झाला की तो आतून मऊ पडतो आणि इंजिन जोरात फिरवलं की पंपाच्या ओढीने चपटा होतो. न्यूट्रलमध्ये एकदम नॉर्मल दिसतो, म्हणून पटकन सापडत नाही. कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून बघावं लागतं.

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्यांना ही दुसरी तक्रार कुठे भेटते माहितीये? खंबाटकीला. साताऱ्याकडे जाताना घाटातून निघालात, तर चढ लागतो. लाँग वीकेंडला तिथे कोंडी झाली की दुसऱ्याच दिवशी 'घाटात वाहनं तापून बंद पडली' अशी बातमी येते. चढ, फर्स्ट गिअर, चार जण, डिकीत सामान, एसी फुल आणि वाऱ्याचा पत्ता नाही. पंखा आणि रेडिएटर दोघांचीही एकाच वेळी तोंडी परीक्षा! इथून सुटलात तर वाईच्या पुढे पसरणीचा घाट आहेच.

गाडी सकाळी सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लालकडे धावत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. लक्षण असं, की इंजिन तापलेलं, पण रेडिएटर आणि खालचा पाइप गारच. हात लावताना जपून, आणि फिरत्या बेल्टपासून दूर. कूलंट नुकतंच बदललं असेल आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल तर आत हवा अडकली असण्याची शक्यता जास्त. ती काढून द्यायची जबाबदारी ज्याने कूलंट भरलं त्याची.

आणि काटा वर येतच नसेल तर? बरेच जण खूश होतात, आपली गाडी किती कूल! प्रत्यक्षात बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा आधीच्या कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. आपल्याकडे हा जुगाड इतका रुळलाय की 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थर्मोस्टॅट लागतोच कशाला' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. मला हे मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट बर्फासाठी नसतो, इंजिन त्याच्या ठरलेल्या तापमानाला राहावं म्हणून असतो. तो काढला की इंजिन बराच वेळ गारठलेलं चालतं. एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि इंजिन ऑइलमध्ये साचलेली वाफ उडून जात नाही. मायलेज का पडलं म्हणून मग तुम्ही पेट्रोल पंप बदलत बसता.

काट्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. हेडलाइट लावला की काटा उडी मारतो आणि बंद केला की खाली येतो, हा प्रकार इंजिनाचा नसून वायरिंगच्या अर्थिंगचा. पण यातली सर्वांत धोकादायक गोष्ट वेगळी आहे. काटा चढत चढत वर गेला आणि मग अचानक खाली आला, तर सुटलो म्हणून सुस्कारा टाकू नका. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपलं तर तो हवेत लटकतो आणि खोटं, कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन तेव्हा आतून भाजत असतं. गाडीत हीटर असेल तर तो लावून बघा. इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा आली, तर आत कूलंट फिरत नाहीये. तिथेच थांबा. नव्या छोट्या गाड्यांत तर बऱ्याचदा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत वेळ जवळजवळ संपलेली असते.

वेळ कशाची, तर हेड गॅसकेटची. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते प्रमाणाबाहेर तापलं की किंचित वाकतं आणि त्याच्याखालची गॅसकेट जळते. मग हेड उतरवायचं, लेथवर घासून सपाट करून आणायचं, नवी गॅसकेट टाकायची. जुन्या ८०० ला बाजारात जी किंमत आहे, तिच्या पुढ्यात हे बिल फार मोठं दिसतं आणि घरचे 'भंगारात देऊन टाक' म्हणतात. अशा कित्येक गाड्या खरं तर एका फ्यूजपायी, एका कॅपपायी किंवा अजून पाच किलोमीटर जाऊ म्हणण्यापायी भंगारात गेलेल्या असतात.

गॅसकेट गेली की नाही, हे ओळखायच्या खुणा आहेत. गाडी पाणी खाते, म्हणजे दर दोन-चार दिवसांनी कूलंट कमी होतं, पण पार्किंगमध्ये खाली डाग नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर, तोही इंजिन तापल्यानंतरही थांबत नाही. (थंडीत सकाळी सकाळी निघणारी वाफ निराळी, ती सगळ्याच गाड्यांतून येते.) डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. रात्रभर गार झालेली गाडी सुरू करून मिनिटभरातच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होतो किंवा कॅप आधीच काढून ठेवली असेल तर तोंडाशी सतत बुडबुडे येत राहतात. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, असा त्याचा अर्थ. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडासा पांढरट फेस मात्र फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही जमतो. तेवढ्यावरून कुणी हेड उतरवायला निघालं तर बाकीच्या खुणा दाखवायला सांगा. खाली डाग नाही पण पुढच्या सीटच्या पायाशी मॅट ओली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल, तर गॅसकेटचा संबंध नाही. हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

आता पाण्याबद्दल. 'टाकीतलं पाणी टाक, काय होतं?' असं ज्यांना वाटतं त्यांनी घरच्या गिझरची कॉइल आठवावी. बोअरवेलच्या पाण्याने तिच्यावर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये चढतो. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळण्याचं तापमान आणखी वर नेतं आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. आपल्या हवेत गंज रोखणं हेच त्याचं खरं काम. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल तर तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यावर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, जे बॅटरीच्या दुकानात मिळतं. रस्त्यात अडकलात तर बिसलेरी ओतून घरी या, त्याला हरकत नाही. फक्त नंतर आठवणीने ते काढून टाका. गळती बुजवणारी पावडर आणि हळद-बिळद मात्र नकोच. गळती बुजते तशा रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. आणि सांडलेलं कूलंट लगेच पाण्याने धुऊन काढा. ते गोड लागतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्यासाठी ते विष आहे.

गाडी घाटात खरंच तापलीच, तर? काटा नुसता चढायला लागला असेल, लालपर्यंत गेला नसेल, तर आधी एसी बंद. खिडक्या उघडा आणि हीटर फुल करा. उन्हाळ्यात वेडेपणा वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता ओढून घेणारा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. घामाघूम व्हाल, पण गाडी माथ्यापर्यंत पोचू शकते. काटा लालमध्ये गेला किंवा बोनेटमधून वाफ दिसली, की चर्चा संपली. कडेला घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद करा. वाफ थांबेपर्यंत बोनेटही उघडू नका.

आणि कॅपला हात लावू नका. ओलं फडकं टाकून नाही, हळूच पाव आटा फिरवून नाही, 'मी नेहमी करतो' म्हणणाऱ्या हौशी माणसाच्या हातूनही नाही. आत १०० अंशांच्या पुढचं, दाबाखालचं पाणी आहे. कॅप सुटली की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळून कारंज्यासारखं वर येतं आणि तुमचा चेहरा नेमका त्याच्यावर वाकलेला असतो. चाळीस-पन्नास मिनिटं थांबायला काय जातं? वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला, मगच कॅप. तापलेल्या इंजिनावर बाहेरून बादलीभर गार पाणी ओतायचा मोहही टाळा. धातूला एकदम चटका बसून तडा जाऊ शकतो. कूलंट भरतानासुद्धा थोडं थोडं भरा.

त्या चाळीस मिनिटांत मोबाइलवर रील्स बघण्याऐवजी एक मेसेज टाइप करून ठेवा, गॅरेजवाल्यासाठी. कुठे तापली, चढावर की उभी असताना? किती मिनिटं चालल्यावर? एसी चालू होता का, पंखा लागला होता का? काटा हळूहळू चढला की झटक्यात? याआधी कूलंट कधी भरलं होतं आणि किती? कुठून थेंब पडताना दिसले असतील तर फोटो काढा. या आठ-दहा ओळी वाचून मेकॅनिक जी तपासणी आधी करेल, ती 'गरम होतेय' ऐकून केली असती त्यापेक्षा वेगळी असेल. त्याने काही बदलायला सांगितलं, तर जुना पार्ट परत मागून घ्या. अडकलेला थर्मोस्टॅट तर घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडून बघता येतो. चांगला असेल तर डोळ्यांदेखत उघडतो. फक्त ते पातेलं आईला परत नेऊन देऊ नका.

आणि हो, घाटात थांबताना चाकामागे दगड लावला असेल, तर निघताना तो उचलून रस्त्याच्या कडेला नीट टाका. मागून अंधारात बाइकवर येणाऱ्याला तो दिसत नाही.